ड्राफ्टच्या रात्री पॅकर्सवरून नीट भांडायचं कसं आणि फ्रिजमध्ये कुठली बिअर ठेवायची

२०१७ च्या एप्रिलमधली ती गुरुवारची रात्र. इथे विस्कॉन्सिनमधल्या ॲपल्टनला आमच्या बेसमेंटमध्ये नऊजण बसलो होतो आणि नवातला एकही अजून ती विसरलेला नाही. पॅकर्स म्हणजे आमची ग्रीन बेची अमेरिकन फुटबॉल टीम, कॉलेजची पोरं निवडायच्या ड्राफ्टमध्ये त्यांचा नंबर २९ वा होता आणि टी. जे. वॉट अजून शिल्लक होता. पोरगा प्युवॉकीचा म्हणजे मिलवॉकीच्या अगदी शेजारचा, कॉलेज मॅडिसनला, आणि आपल्याला नेमका समोरच्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे बॉल फेकणाऱ्या मुख्य खेळाडूवर, तुटून पडणारा माणूस पाहिजे होता. आम्ही ग्लास हातात धरूनच बसलो होतो, आणि टीव्हीवर आलं की पॅकर्सनी २९ वा नंबर क्लीव्हलँडला देऊन टाकला. लगेच पुढे, ३० व्या नंबरला, पिट्सबर्गने वॉटला उचललं.

त्यानंतर जे भांडण झालं ते वाईट होतं. कोण कशावर बोलतोय तेच कळेना, एकजण म्हणे पैसे वाचवले, दुसरा म्हणे जीएमला (खेळाडू निवडणाऱ्या जनरल मॅनेजरला) हाकला, तिसरा गेल्या वर्षीचं उकरून काढत होता आणि दोघे जे रागावून घरी गेले ते थेट गणपतीच्या मिटिंगला परत एकमेकांशी बोलले. पुढच्या वर्षीपासून आम्ही नीट पद्धत बसवली आणि ती आता इतकी मुरलीये की मंडळात नवीन आलेली पोरं विचारतात की दादा आम्हाला यातलं काही कळत नाही, आम्ही कसं बसायचं तुमच्यात. त्यांच्यासाठी आणि इतर शहरांत असा अड्डा जमवू बघणाऱ्यांसाठी हे सगळं लिहून काढतोय. टीम तुमची कुठलीही असू दे, पद्धत तीच.

ड्राफ्ट म्हणजे काय, अगदी थोडक्यात

आयपीएलचं ऑक्शन डोक्यातून काढून टाका. इथे बोली नाही. कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या पोरांना ३२ टीम्स आळीपाळीने निवडतात, गेल्या सीझनला जी सगळ्यात वाईट खेळली ती पहिली आणि सुपर बोल जिंकलेली शेवटी. असे सात राउंड, तीन दिवस, सगळे मिळून २५० च्या वर पोरं. गुरुवारी रात्री पहिला राउंड, शुक्रवारी दुसरा-तिसरा, शनिवारी सकाळपासून उरलेले चार. नंबर विकता येतात, बदलता येतात, पुढच्या वर्षीचेही देता येतात आणि खरी गंमत तिथेच आहे. ज्याला कुणीच निवडलं नाही तो शनिवारी संध्याकाळी कुठल्याही टीमशी थेट बोलू शकतो, आणि अशी पोरंही मोठी होतात. आपला सॅम शील्ड्स २०१० मध्ये असाच आला आणि त्याच सीझनला शिकागोविरुद्धच्या फायनलच्या आधीच्या मॅचमध्ये दोन इंटरसेप्शन काढून, म्हणजे समोरच्यांनी फेकलेले बॉल मधेच पकडून गेला.

आम्ही बेसमेंटमध्ये फक्त गुरुवारी बसतो. शुक्रवारी ज्याचा तो फोनवर आणि शनिवारी अंगणात ग्रिल लावून. २०२५ ला मात्र ड्राफ्टच ग्रीन बेला होता, घरापासून ५० किलोमीटर, तेव्हा सगळे लँबोला, म्हणजे पॅकर्सच्या स्टेडियमवर, गेलो होतो. एक लाखाच्या आसपास वस्तीचं गाव आणि तीन दिवसांत मिळून सहा लाख माणसांची हजेरी, पंढरीची वारी बघितलेल्या माणसालाही भरून यावं असा तो माहोल होता.

पायरी पहिली: ५३ नावं स्वतःच्या हाताने लिहा

हे ड्राफ्टच्या आठवडाभर आधी करायचं, आणि हे केल्याशिवाय आमच्याकडे मत मांडायला मिळत नाही. नियम जरा कडक वाटेल, पण यानेच निम्मी बडबड थांबते.

कोरा कागद घ्या. सीझनला टीममध्ये ५३ जण असतात. उन्हाळ्यात कॅम्पला ९० पर्यंत ठेवता येतात पण ऑगस्टच्या शेवटी ५३ वर यावंच लागतं. मी साधारण असे खण पाडतो: चढाईला क्वार्टरबॅक २, रनिंग बॅक ३, वाइड रिसीव्हर (फेकलेला बॉल झेलणारे) ६, टाइट एंड ४, ऑफेन्सिव्ह लाइनचे १०, झाले २५. पलीकडे बचावाला डिफेन्सिव्ह एंड ५, टॅकल ५, लाइनबॅकर ६, कॉर्नर (रिसीव्हरला अडवणारे) ५, सेफ्टी ४, हेही २५. वर किकर, पंटर आणि लाँग स्नॅपर असे तिघं. ५३ पूर्ण.

आता आत्ता टीममध्ये असलेल्यांची नावं एकेका खणात भरा आणि प्रत्येकापुढे त्याचं कॉन्ट्रॅक्ट कुठल्या वर्षी संपतं ते लिहा. हे वर्ष लिहिणं सगळ्यात महत्त्वाचं. नवीन माणूस नेहमी फक्त आज कुठला खण रिकामा आहे तेवढंच बघतो, टीम मात्र दोन वर्षांनी कुठला रिकामा होणार ते बघत असते. ड्राफ्टमधल्या पोराचं कॉन्ट्रॅक्ट चार वर्षांचं असतं, पहिल्या राउंडवाल्याला टीम पाचवं वर्ष वाढवून घेऊ शकते, म्हणजे आज घेतलेला पोरगा हा आजच्या रिकाम्या खणासाठी क्वचितच असतो.

पैशाचाही एक रकाना ठेवा, फार खोलात जाऊ नका. एका टीमला सगळ्या खेळाडूंवर मिळून किती खर्च करता येतो त्याला सॅलरी कॅप म्हणतात, २०२५ ला ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. नवीन पोरं स्वस्त पडतात आणि जुने स्टार महाग. आमच्यातला एकजण सीए आहे, तो या रकान्यात इतका रमतो की त्याला आम्ही दहा मिनिटं ठरवून दिलीत.

कागद भरल्यावर प्रत्येकाने तीन खण निवडायचे, ‘इथे माणूस पाहिजे’ म्हणून, क्रमाने. तीनच. सगळीकडेच माणूस पाहिजे म्हणणाऱ्याला काहीच नको असतं असं आम्ही धरतो.

पायरी दुसरी: नंबराचा भाव समजून घ्या

नव्वदच्या दशकात डॅलसचे कोच जिमी जॉन्सन एक तक्ता वापरायचे, प्रत्येक नंबराला ठराविक पॉइंट. पहिल्या नंबराला ३०००, १६ व्याला १०००, ३२ व्याला ५९०. आता टीम्सकडे याहून सुधारलेले तक्ते असतात पण घरी भांडायला हा जुना अजून झकास चालतो, प्रिंट काढून भिंतीला लावा.

त्या रात्रीचंच उदाहरण घेऊ. २९ व्या नंबराचे पॉइंट ६४०. त्या बदल्यात पॅकर्सना मिळाले ३३ वा आणि १०८ वा, म्हणजे ५८० आणि ७८, बेरीज ६५८. म्हणजे बाजारभावाने बघितलं तर पॅकर्स १८ पॉइंटने फायद्यात होते! हे कळल्यावर माझा राग निम्मा उतरला होता, खरं सांगतो, कारण तोपर्यंत मला वाटत होतं की फुकटात दिला नंबर. भाव बरोबर घेतला होता, माल निवडताना चुकलं. ३३ व्याला केव्हिन किंग नावाचा कॉर्नर घेतला, तो सारखा दुखापतीने बाहेर राहिला. १०८ व्याला व्हिन्स बीगल, तोही मॅडिसनचाच, तो दीड वर्षात टीमबाहेर. आणि तिकडे वॉट २०२१ ला २२.५ सॅक (क्वार्टरबॅकला बॉल फेकायच्या आधीच पाडणं) काढून तेव्हाच्या विक्रमाची बरोबरी करतो आणि वर्षातला सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू होतो.

म्हणून ‘ट्रेड वाईट होता’ आणि ‘पोरगा चुकीचा घेतला’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आमच्याकडे बोलताना आधी सांगायचं की यातलं तुमचं कुठलं. एवढ्या एका नियमाने आवाज खाली येतात, करून बघा.

दुसरं उदाहरण २०२०. पॅकर्सनी मायामीला ३० वा आणि १३६ वा दिला आणि २६ वा घेतला. ६२० अधिक ३८ म्हणजे ६५८ दिले आणि ७०० चा नंबर घेतला, म्हणजे हाही सौदा स्वस्तच. त्या २६ व्या नंबराचं काय केलं, त्यावर खाली येतोच.

पायरी तिसरी: वही

हीच आमची सगळ्यात मोलाची वस्तू. शाळेतली दोनशे पानी असते ना तसलीच, कोल्हापूरहून येताना भाच्याने आणलेली, निळ्या कव्हरची. कॉफी टेबलवर उघडी ठेवायची आणि पेन दोऱ्याने बांधून ठेवायचं नाहीतर ते हरवतं.

पॅकर्सचा नंबर यायच्या आधी, म्हणजे त्यांच्या आधीचे तीन-चार नंबर चालू असतानाच, प्रत्येकाने तीन ओळी लिहायच्या. मी असतो तर कोणाला घेतलं असतं, का, आणि ट्रेड करून खाली गेलो असतो का. खाली सही आणि वेळ. नाव पुकारल्यानंतर वहीला हात लावायचा नाही. पुकारल्यानंतरचं मत म्हणजे वरातीमागून घोडं, ते कितीही हुशारीचं असलं तरी आमच्याकडे धरत नाहीत.

हे लिहिणं इतकं का लावून धरतो ते सांगतो. माणूस खोटारडा नसतो, पण आठवण खोटारडी असते. १९८९ चं बघा, पॅकर्सनी दुसऱ्या नंबराला टोनी मँडरिच घेतला, आणि त्या वर्षी पहिल्या पाचातले बाकी चौघं म्हणजे एकमन, बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस आणि डियॉन सँडर्स, चौघंही हॉल ऑफ फेममध्ये गेले. आता इथल्या पन्नाशीच्या पुढच्या कुठल्याही माणसाला विचारा, तो सांगणार मी तेव्हाच म्हणालो होतो बॅरी सँडर्स घ्या. आमच्या शेजारचे आजोबा मात्र म्हणतात की नाही रे, त्या दिवशी सगळं गाव नाचत होतं, एवढा मोठा ऑफेन्सिव्ह लाइनचा टॅकल मिळाला म्हणून मीही नाचलो. हे आजोबा आयुष्यभर गाईंच्या गोठ्यात राबले, पॅकर्सचा एक शेअर त्यांच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय, ज्याच्यावर डिव्हिडंड मिळत नाही आणि जो विकताही येत नाही, आणि त्यांच्याइतकं प्रामाणिक फुटबॉलवर बोलणारा माणूस मी बघितला नाही.

तर २०२० चं पान. कोविडमुळे आजोबा गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसलेले, आम्ही ड्राइव्हवेवर, टीव्ही गॅरेजमध्ये. तेव्हा आपला क्वार्टरबॅक रॉजर्स, त्याच्या आधी फार्व्ह. माझ्या ओळी अशा आहेत: ‘रिसीव्हर. रॉजर्सला हत्यार द्या. गेल्या जानेवारीत फायनलच्या एक पायरी अलीकडे हरलो, आत्ताच जिंकायचंय.’ आजोबांच्या इंग्रजीत लिहिलेल्या ओळींचा अर्थ असा: ‘रॉजर्स ३६ चा. २००५ ला फार्व्ह ३५ चा असताना रॉजर्सला घेतला तेव्हाही आम्ही ओरडलो होतो. क्वार्टरबॅक.’ आणि पॅकर्सनी २६ व्या नंबराला क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह घेतला. त्या आख्ख्या ड्राफ्टमध्ये एकही रिसीव्हर घेतला नाही!

पुढचं सगळ्यांना माहितीये. रॉजर्स चिडला आणि चिडून असा खेळला की २०२० आणि २०२१ दोन्ही वर्षं एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. २०२१ च्या जानेवारीत टँपा बेकडून ३१-२६ हरलो, आणि त्या मॅचमध्ये हाफटाइमच्या तोंडावर जो लांब टचडाउन बसला तो केव्हिन किंगच्या डोक्यावरून, तोच २०१७ वाला. त्या रात्री मी वही काढून माझं पान सगळ्यांना दाखवलं होतं, बघा एक रिसीव्हर असता तर. मग २०२३ ला रॉजर्स न्यूयॉर्कला गेला, लव्ह सुरू झाला, आणि २०२४ च्या जानेवारीत डॅलसला जाऊन ४८-३२ ने जिंकला, तेव्हा आजोबांनी काही न बोलता त्यांचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं.

माझं मत अजूनही तेच आहे. २०२० ला रिसीव्हर घ्यायला पाहिजे होता. पण आता मी ते मत मांडताना आजोबांची ओळ पण मोठ्याने वाचतो, आणि मग वाद ‘लव्ह चांगला की वाईट’ यावर न राहता ‘आजची एक संधी आणि उद्याची दहा वर्षं यात काय धरायचं’ यावर येतो. त्या वादाला रात्र कमी पडते.

पायरी चौथी: बिअर, नावं झाकून

फुटबॉलवर भांडून झालं की दुसरं भांडण ठरलेलं, आणि विस्कॉन्सिनमध्ये तर ते कधीकधी पहिलंच असतं. मिलवॉकी म्हणजे मिलर, पॅब्स्ट, श्लिट्झचं गाव. लायनेनकूगल १८६७ ला चिपेवा फॉल्सला सुरू झाली. आणि न्यू ग्लारसची स्पॉटेड काऊ, जी राज्याच्या हद्दीबाहेर विकतच नाहीत, त्यामुळे शिकागोहून येणारे पाहुणे जाताना डिकी भरून नेतात.

आधी एक व्यवहाराची गोष्ट. इथे बऱ्याच गावांत रात्री नऊनंतर दुकानातून बिअर मिळत नाही. ड्राफ्ट आपल्या वेळेने सातला सुरू होतो आणि पॅकर्सचा नंबर विशीच्या पुढे असला की दहा कधी वाजले कळत नाही. म्हणजे बुधवारीच आणून ठेवा. वय २१ चं कार्ड सगळ्यांकडे असू दे, आणि गाडी चालवणारा आधी ठरवा, त्याने घेतलेली जबाबदारी ही पार्टीतली सगळ्यात मोठी जबाबदारी आहे आणि आमच्याकडे त्याला पहिला ब्राट, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, मिळतो.

आता चाचणी. आमच्यातही प्रत्येकजण आपापल्या बिअरची शपथ घ्यायचा. एकजण मिलर लाइट सोडून काही पिणार नाही, एकाला कडू आयपीएच पाहिजे, वहिनींना स्पॉटेड काऊ, आणि माझे मोठे साडू पार्ल्याचे, त्यांना किंगफिशरच्या खाली काही चालत नाही. म्हटलं पोरांची निवड वहीत लिहितो तर हीही तशीच करू.

सहा बिअर घ्या. आमच्या ठरलेल्या: मिलर लाइट, मिलर हाय लाइफ, लायनेनकूगल, स्पॉटेड काऊ, ओल्ड स्टाइल आणि कुठलीही एक स्थानिक आयपीए. साडू आले की एक किंगफिशर वाढते. जो पिणार नाहीये त्याने आत स्वयंपाकघरात ओतायचं, बाहेर नुसते नंबर लावलेले ग्लास आणायचे. प्रत्येकी ६० मिलिलिटर पुरे, सहा मिळून ३६० होतात, म्हणजे एक कॅन, कुणाला जड होत नाही. सगळ्या सारख्याच गार हव्यात नाहीतर जास्त गार असलेली नेहमी जिंकते. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा, बर्फगार बिअरला चवच लागत नाही. आयपीए शेवटी, कारण तिचा कडूपणा जिभेवर बसला की पुढची लाइट पाण्यासारखी लागते. मध्ये साधे कुरमुरे खा, तिखट चिवडा चाचणी संपेपर्यंत लपवून ठेवा, हे मी अनुभवाने सांगतोय.

ग्लास हलकाच फिरवा, आधी नाक, मग घोट. स्पॉटेड काऊ डोळ्यांनी ओळखू येते कारण ती गाळलेली नसते, किंचित धुरकट दिसते, म्हणून आम्ही दिव्याचा उजेड कमी करतो किंवा स्टीलचे पेले घेतो, स्टीलचे पेले प्रत्येक मराठी घरात असतातच. प्रत्येकाने वहीत एक ते सहा क्रम लावायचा, शेजारी एक शब्द. मग आतला माणूस नावं वाचतो.

पहिल्या वर्षी काय झालं सांगतो. मिलर लाइटवाल्याने आपली मिलर लाइट पाचवी लावली आणि हाय लाइफ पहिली. वहिनींची स्पॉटेड काऊ खरंच पहिली आली, ती चव त्यांना पक्की माहिती आहे. आणि शिकागोचा जो बेअर्सवाला, म्हणजे तिथल्या टीमचा, मित्र दरवर्षी येतो त्याने ओल्ड स्टाइल न ओळखता तिला ‘ही इथलीच वाटते’ असं लिहिलं. ते एका अर्थी बरोबरच होतं, कारण ओल्ड स्टाइल शिकागोच्या स्टेडियममध्ये पितात म्हणून सगळ्यांना ती शिकागोची वाटते, पण जन्म तिचा विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉसचा. तेव्हापासून बेअर्स-पॅकर्स मॅचच्या आधी आम्ही त्याला तीच देतो आणि तोही प्रेमाने घेतो.

न पिणाऱ्यांसाठी मिलवॉकीचीच स्प्रेकर रूट बिअर ठेवा, तिच्यात दारू नाही, मुलांनाही चालते. आमची आई इथे असते तेव्हा कोकम सरबत करते आणि त्याचा जग सगळ्यात आधी संपतो.

खाण्याचं थोडक्यात. ब्राटवरूनही दोन पक्ष आहेत. एक पक्ष आधी कांदा आणि लोणी घातलेल्या बिअरमध्ये मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं शिजवतो आणि मग ग्रिलवर रंग आणतो, शेबॉयगनची माणसं म्हणतात की बिअर प्यायला असते, ब्राट थेट कोळशावरच भाजायचा आणि कडक पावात खायचा. मी शेबॉयगनच्या बाजूचा. उकळी मात्र कुणीच फोडू नका, कातडी फुटते आणि सगळा रस निघून जातो. डुक्कर न खाणाऱ्यांसाठी बटाटेवडे, आणि चीज कर्ड त्याच दिवशी सकाळी आणलेले, ताजे असले की दाताखाली चुक-चुक आवाज येतो, दुसऱ्या दिवशी तो आवाज जातो.

पायरी पाचवी: नाव पुकारल्यावर

पहिली पाच मिनिटं ओरडायला मोकळी. खरंच मोकळी ठेवा, माणसं वर्षभर वाट बघतात.

मग एकेकाने बोलायचं, आणि तीन प्रश्नांच्या क्रमाने. हा नंबर ठेवायला पाहिजे होता की विकायला? तो खण भरायला पाहिजे होता का? त्या खणासाठी हाच पोरगा का? २०२५ ला लँबोच्या बाहेर उभं राहून हे केलं होतं. पॅकर्सचे अध्यक्ष मार्क मर्फी स्वतः स्टेजवर आले आणि २३ व्या नंबराला मॅथ्यू गोल्डन म्हणाले, टेक्सासचा रिसीव्हर. आजूबाजूला जो आवाज झाला तो कानात अजून आहे, कारण २००२ च्या जेव्हॉन वॉकरनंतर पहिल्या राउंडला रिसीव्हर पॅकर्सनी घेतलाच नव्हता. ग्रेग जेनिंग्स, जॉर्डी नेल्सन, कॉब, डेव्हांटे ॲडम्स हे सगळे दुसऱ्या राउंडचे. म्हणून काहीजण म्हणत होते की आपल्याला दुसऱ्या राउंडला मिळतो तर पहिला कशाला खर्च केला. यावर आमच्यातल्या एका मुलीने, वय १९, रूट बिअरवाली, फार चांगलं उत्तर दिलं: ‘काका, आधीच्यांना दुसऱ्या राउंडला मिळाला म्हणून यांनाही मिळेल असं कशावरून? निवडणारी माणसंच बदललीत.’ खरंय, जेनिंग्स ते ॲडम्स निवडणारे जीएम टेड थॉम्पसन होते आणि २०१८ पासून ब्रायन गुटेकुन्स्ट आहेत.

गोल्डनचा ४० यार्ड धावायचा वेळ ४.२९ सेकंद. हा आकडा त्या रात्री जो तो सांगत होता. वेगावर भाळू नका एवढं मी नव्यांना सांगेन, वेग हा दार उघडतो, पण आत शिरल्यावर रूट, म्हणजे ठरलेला मार्ग, नीट धावता आला पाहिजे आणि हात पक्के पाहिजेत. कॉलेजमध्ये टेक्सासकडून शेवटच्या सीझनला त्याने ९८७ यार्ड काढले होते, मी वहीत ते लिहिलं होतं, वेग लिहिला नव्हता.

एक गोष्ट पूर्ण बंद: ‘तुला फुटबॉल कळत नाही’ हे वाक्य. आमच्याकडे ते बोलणारा रात्रीची भांडी घासतो.

आणि ऑगस्ट

ड्राफ्ट संपला की कागद फेकू नका, त्या ५३ च्या यादीला खरी परीक्षा ऑगस्टच्या शेवटी असते. इथे नवीन माणसं एक चूक हमखास करतात. म्हणतात, या पोराला आत्ता काढू आणि प्रॅक्टिस स्क्वाडवर, म्हणजे ५३ च्या बाहेर सरावापुरता, ठेवू. प्रॅक्टिस स्क्वाडला सोळा जागा असतात हे खरं, पण नवीन पोराला काढलं की तो आधी वेव्हरवर जातो, म्हणजे बाकीच्या ३१ टीम्सना त्याच्यावर हक्क सांगता येतो आणि गेल्या सीझनला जी जास्त हरली तिचा हक्क आधी. चार वर्षं झालेल्या जुन्या खेळाडूला हे लागू नाही, तो सरळ मोकळा होतो. म्हणून तुमच्या यादीत ५२ आणि ५३ वर कोण, यावर खरा वाद घाला. ‘हा गेला तर कुणी उचलेल का’ हा प्रश्न विचारा, ‘हा चांगला आहे का’ एवढाच नको.

आणि दुसऱ्या क्वार्टरबॅकची जागा कधी हलकी धरू नका. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅकर्सनी टेनेसीला सातव्या राउंडचा नंबर देऊन मलिक विलिसला आणलं, तेव्हा आमच्या वहीत कुणी एक ओळही लिहिली नव्हती. दीड आठवड्याने ब्राझीलला लव्हचा गुडघा दुखावला, आणि विलिसने इंडियानापोलिस आणि टेनेसी या दोन्ही मॅच जिंकून दिल्या. ज्या टीमने सातव्या राउंडला देऊन टाकला तिलाच हरवून आला. आता आमच्या यादीत तो खण पहिला भरतात.

२०२५ चा ऑगस्ट तर वेगळाच होता. २८ तारखेला, म्हणजे ५३ नावं ठरून दोन दिवस झाल्यावर, पॅकर्सनी डॅलसकडून क्वार्टरबॅकवर तुटून पडणारा मायका पार्सन्स आणला आणि बदल्यात केनी क्लार्क आणि २०२६ आणि २०२७ चे दोन्ही पहिले राउंड दिले. त्या रात्री फोनवर फोन, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर सगळे परत बेसमेंटमध्ये. मी बाजूने, कारण आठ वर्षांपूर्वी वॉट सोडला तेव्हापासून मला असा माणूस पाहिजे होता. सीए विरुद्ध, त्याने पार्सन्सच्या कॉन्ट्रॅक्टचे १८ कोटी ८० लाख डॉलर आणि दोन पहिले नंबर अशी बेरीज मांडून ठेवली. आजोबांनी फक्त विचारलं की मग गुरुवारी आपण काय करायचं, पहिल्या राउंडला नंबरच नाही तर.

तर ठरलंय ते असं. दोन्ही वर्षं गुरुवारी बसायचंच. पॅकर्स ज्या नंबराला असते तो नंबर येईल तेव्हा प्रत्येकाने वहीत लिहायचं की आपण कोणाला घेतलं असतं, आणि समोर पार्सन्सचं नाव. पानाच्या वर तारीख घालून ठेवतो. ड्राफ्टचं प्रत्येक पान आम्ही तीन वर्षांनी उघडून मोठ्याने वाचतो, गोल्डनचं पान २०२८ च्या एप्रिलला उघडणार. त्या दिवशी मिलर लाइटवाला बुधवारी जाऊन हाय लाइफची पेटी आणणार आहे, तसं त्याने लिहून सही केलीये.